काटकोन आणि उणे एक : दोन चढांच्या गुणाकाराचा मागोवा

निर्देशक भूमितीतील जे थोडे नियम शाळा सुटल्यानंतरही अनेकांच्या स्मरणात राहतात, त्यांत ‘परस्परांना लंब असलेल्या दोन रेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक असतो’ हा नियम मोडतो. रेषेचा चढ म्हणजे आडव्या दिशेने उजवीकडे एक एकक सरकल्यावर ती रेषा जितकी वर जाते ती संख्या. रेषा वर जाण्याऐवजी खाली उतरत असेल तर ही संख्या ऋण मानली जाते. एका रेषेचा चढ २ असेल तर तिला लंब असलेल्या प्रत्येक रेषेचा चढ उणे अर्धा असतो, आणि एवढ्या एका माहितीवर त्रिकोणाचे शिरोलंब, वर्तुळाच्या स्पर्शिका, बिंदूचे रेषेपासूनचे अंतर अशा कितीतरी गोष्टी कंपास न उघडता आकडेमोडीने काढता येतात. नियम एका ओळीत मावतो. त्याचा इतिहास मात्र दोन हजार वर्षांहून मोठा आहे, कारण त्यात काटकोन, गुणोत्तर आणि ऋण संख्या अशा तीन वेगवेगळ्या कल्पना एकत्र आल्या आहेत, त्या निरनिराळ्या प्रदेशांत वाढल्या आणि त्यांपैकी तिसरीला मान्यता मिळण्यास फार विलंब लागला. पहिल्या दोन कल्पनांच्या संयोगातून नियमाचा गाभा युक्लिडच्या काळातच सिद्ध झाला होता. पुढची सगळी वाटचाल त्या गाभ्याला योग्य चिन्ह मिळण्याची आहे.

काटकोन ही कल्पना गणितात येण्यापूर्वी जमिनीवर आली. यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत दोरी आणि खुंट्या यांच्या साह्याने काटकोन आखण्याच्या रीती दिलेल्या आहेत. कात्यायनाच्या शुल्बसूत्रानुसार सपाट जमिनीवर शंकू म्हणजे सरळ खुंटी रोवावी, तिच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे टेकेल तेथे खुणा कराव्यात आणि त्या दोन खुणा जोडाव्यात. ती रेषा पूर्व-पश्चिम असते. तिला लंब अशी उत्तर-दक्षिण रेषा काढण्यासाठी पूर्व-पश्चिम रेषेवरील दोन खुंट्यांना एका लांब दोरीची टोके बांधून ती दोरी मध्यबिंदूपाशी धरून आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ताणली जाई. आपस्तंबाच्या सूत्रांत ३, ४, ५ आणि ५, १२, १३ अशा बाजूंच्या काटकोन त्रिकोणांचा वापर आहे, आणि आजही बांधकामाचा पाया आखताना गवंडी ३, ४ आणि ५ फुटांची मापे घेऊन कोपरा काटकोनात आहे की नाही ते पाहतो. या परंपरेत काटकोन हा करून दाखवण्याचा विषय होता. दोन रेषा लंब आहेत हे एखाद्या संख्येवरून ओळखावे, अशी गरज तेथे निर्माण झाली नव्हती, कारण रेषेच्या तिरकेपणाला स्वतःची संख्याच नव्हती.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथात काटकोनाची व्याख्या कोणत्याही अंशमापाशिवाय दिली आहे: एका रेषेवर दुसरी रेषा उभी राहून शेजारचे दोन्ही कोन एकमेकांएवढे होत असतील तर त्यांतला प्रत्येक कोन काटकोन. या ग्रंथातील पायथागोरसचे प्रमेय सर्वांना ठाऊक आहे, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे आहे ते सहाव्या खंडातील आठवे प्रमेय. काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला, तर मूळ त्रिकोणाचे जे दोन लहान त्रिकोण होतात ते परस्परांशी आणि मूळ त्रिकोणाशी समरूप असतात, म्हणजे त्यांचे कोन तेच असतात आणि बाजू एकाच प्रमाणात असतात. यावरून लगेच असे निघते की त्या लंबाच्या लांबीचा वर्ग हा कर्णाच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो. अशा लांबीला त्या दोन तुकड्यांचा भूमितीमध्य म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या दहावीच्या भूमितीत हे विधान ‘भूमितीमध्याचे प्रमेय’ याच नावाने येते.

या प्रमेयात लंबरेषांच्या चढांचा नियम जवळजवळ पूर्णपणे दडलेला आहे, आणि तो कसा हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. दोन अक्ष जेथे छेदतात त्या आरंभबिंदूतून परस्परांना लंब अशा दोन रेषा काढाव्यात, त्यांपैकी एक उजवीकडे वर जाणारी आणि दुसरी उजवीकडे खाली उतरणारी. आता आरंभबिंदूच्या उजवीकडे बरोबर एक एककावर एक उभी रेषा काढली, तर पहिली रेषा तिला म या उंचीवर आणि दुसरी म′ या उंचीवर छेदते, येथे म आणि म′ हे त्या रेषांचे चढ आहेत. चढाची व्याख्याच तशी आहे. दोन छेदनबिंदू आणि आरंभबिंदू मिळून काटकोन त्रिकोण होतो, त्याचा कर्ण त्या उभ्या रेषेवर असतो आणि आरंभबिंदूपासून कर्णापर्यंतचा लंब म्हणजे क्ष-अक्षावरील एक एककाचा तुकडा. कर्णाचा वरचा तुकडा म एवढा आहे. खालचा तुकडा लांबी म्हणून धन असला तरी म′ ही संख्या ऋण आहे, त्यामुळे त्याची लांबी −म′ एवढी होते. युक्लिडचे प्रमेय सांगते की १ चा वर्ग हा म आणि −म′ यांच्या गुणाकाराएवढा आहे, म्हणजेच म × म′ = −१. पहिल्या रेषेचा चढ २ असेल तर वरचा तुकडा २, खालचा अर्धा, आणि त्यांचा गुणाकार १. दुसऱ्या रेषेच्या चढासमोर येणारे उणे चिन्ह हे ती रेषा आडव्या अक्षाच्या दुसऱ्या बाजूला आहे एवढेच सांगते. एक क्ष-अक्षाच्या वर आणि एक खाली असल्याखेरीज आडव्या-उभ्या नसलेल्या दोन रेषा लंब होऊच शकत नाहीत, ही साधी गोष्ट त्या चिन्हात नोंदली गेली आहे.

ग्रीक भूमितीला हे शेवटचे पाऊल टाकता येणे शक्य नव्हते, कारण तेथे लांबी ही नेहमीच लांबी होती, तिला दिशा नव्हती. अपोलोनियसने शंकुच्छेदांवरील आपल्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात वक्राच्या स्पर्शिकेला स्पर्शबिंदूपाशी लंब असणाऱ्या रेषांचा, म्हणजे अभिलंबांचा, अतिशय सखोल विचार केला आहे, तरीही बिंदू या बाजूला की त्या बाजूला यानुसार त्याला प्रकरणे वेगळी करावी लागतात. दिशेला चिन्ह देण्याची कल्पना दुसरीकडे आकार घेत होती. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकार-भागाकाराचे नियम दिले आहेत, आणि धन-ऋणाचा गुणाकार ऋण हा नियम त्यांतलाच आहे. तरीही ऋण संख्या भूमितीतल्या आकृतीत उतरली ती भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, आणि तीही नेमकी लंबाच्या संदर्भात. या विषयाच्या इतिहासात या प्रसंगाला मिळायला हवे तेवढे स्थान अद्याप मिळालेले नाही.

सन ११५० मध्ये रचलेल्या या ग्रंथात त्रिकोणाच्या तीन भुजा दिल्या असता भूमीवर (पायावर) टाकलेला लंब आणि त्यामुळे भूमीचे होणारे दोन भाग, म्हणजे आबाधा, काढण्याची रीत आहे. दोन भुजांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीने गुणून भूमीने भागावे, आलेला भागाकार भूमीत मिळवून आणि भूमीतून वजा करून निमपट करावी, म्हणजे आबाधा मिळतात. पुढे भास्कराचार्य एक उदाहरण देतात: भुजा १० आणि १७, भूमी ९. रीतीप्रमाणे २७ गुणिले ७ म्हणजे १८९, त्याला ९ ने भागून २१. भूमी ९ असताना त्यातून २१ वजा करायचे, तर उत्तर उणे १२ आणि त्याचे निम्मे उणे ६. दुसरी आबाधा १५. भास्कराचार्य ही ऋण आबाधा अशक्य म्हणून टाकून देत नाहीत. ती उलट दिशेला आहे असे ते सांगतात, म्हणजे लंबाचा पाय भूमीच्या आत न पडता तिच्या बाहेर, वाढवलेल्या रेषेवर पडतो. लंब ८ येतो, आणि ६, ८, १० तसेच ८, १५, १७ हे दोन काटकोन त्रिकोण त्याची साक्ष देतात. त्रिकोण विशालकोनी असताना वेगळी आकृती आणि वेगळी रीत लागू नये, चिन्हानेच ते काम करावे, हा पुढच्या निर्देशक भूमितीचा सारा आधार येथे एका उदाहरणात उभा आहे. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. तेव्हा या विचाराचे महाराष्ट्राशी असलेले नाते केवळ अभिमानापुरते नाही, ते दगडावर कोरलेले आहे.

तरीही भास्कराचार्यांपाशी अक्ष नव्हते आणि रेषेचे समीकरण नव्हते. ते आले सतराव्या शतकातील फ्रान्समधून. रने देकार्त यांचा ‘भूमिती’ हा निबंध १६३७ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झाला, आणि त्याच सुमारास प्येर द फर्मा यांनी समीकरणांवरून रेषा व वक्र ओळखण्याची आपली पद्धत हस्तलिखित स्वरूपात मित्रांकडे पाठवली. ती छापली गेली मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये. आज शाळेत ज्याला देकार्तची पद्धत म्हणतात ती त्यांच्या ग्रंथात शोधू गेल्यास निराशा पदरी येते. तेथे दोन ठरलेले, परस्परांना लंब असलेले अक्ष नाहीत. एक रेषा आधाराला घेऊन तिच्यापासून ठरावीक कोनात मापे घेतली जातात, ऋण मापे शक्य तितकी टाळली जातात, आणि सरळ रेषेकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहिलेच जात नाही, कारण देकार्तना रस होता तो अवघड वक्रांमध्ये.

या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाचा कळस मात्र लंबाचाच प्रश्न आहे. दिलेल्या वक्राला दिलेल्या बिंदूपाशी अभिलंब कसा काढावा हा भूमितीतील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत व्यापक प्रश्न आहे, असे देकार्त तेथे आग्रहाने सांगतात. प्रकाशाचा किरण भिंगातून जाताना कसा वळतो हे त्या जागच्या अभिलंबाशी होणाऱ्या कोनावर अवलंबून असल्याने हा आग्रह समजण्यासारखा आहे. त्यांची रीत अशी की आधाररेषेवर केंद्र असलेले एक वर्तुळ घ्यावे. ते वक्राला साधारणपणे दोन जवळच्या बिंदूंत छेदते, आणि समीकरणाची ती दोन उत्तरे एकरूप होतील अशा बेताने केंद्र सरकवले की वर्तुळ वक्राला स्पर्श करते व त्याची त्रिज्या हीच वक्राचा अभिलंब ठरते. वर्तुळाची त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते या जुन्या गोष्टीवर ही रीत उभी आहे. ती बुद्धिमान आहे आणि बीजगणिताच्या दृष्टीने जड आहे. स्पर्शिकेचा चढ काढून तो उलटवावा आणि चिन्ह बदलावे, एवढ्या दोन कृतींत आज जे काम होते त्यासाठी तेथे पानभर आकडेमोड लागते.

चढ ही कल्पना खऱ्या अर्थाने हाती आली ती कलनशास्त्रामुळे. गॉटफ्रीड लायबनित्स यांनी १६८४ मध्ये ‘आक्टा एरुडिटोरुम’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात वक्रावरील अत्यल्प उभ्या बदलाचे आडव्या बदलाशी गुणोत्तर काढण्याचे नियम दिले, आणि हे गुणोत्तर म्हणजेच स्पर्शिकेचा चढ. त्या काळातील गणिती मात्र चढाऐवजी अक्षावरील तुकड्यांच्या भाषेत बोलत. वक्रावरील बिंदूतून अक्षावर सरळ उभी रेषा टाकली, त्याच बिंदूतून स्पर्शिका व अभिलंब काढून ते अक्षापर्यंत वाढवले, तर उभ्या रेषेच्या एका बाजूला स्पर्शिकेचा आणि दुसऱ्या बाजूला अभिलंबाचा असे अक्षाचे दोन तुकडे होतात. स्पर्शिका आणि अभिलंब यांच्यातील कोन काटकोन असल्याने उभ्या रेषेचा वर्ग त्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो. हे युक्लिडचे भूमितीमध्याचे प्रमेयच आहे. दोन हजार वर्षांनंतर ते वक्रांच्या नव्या शास्त्रात रोजच्या वापराचे साधन झाले होते, आणि त्याला अजूनही चिन्ह मिळालेले नव्हते.

चिन्हासह हा नियम सर्वप्रथम अपरिहार्य ठरला तो एका वेगळ्याच प्रश्नात. ख्रिस्तियान हायगेन्स यांच्या १६९० च्या प्रकाशविषयक ग्रंथात प्रकाशतरंगाची आघाडी आणि प्रकाशकिरण ही साधारण माध्यमांत परस्परांना लंब असतात. त्या सुमारास योहान बेर्नूली व लायबनित्स यांनी असा प्रश्न घेतला की वक्रांचे एक संपूर्ण कुटुंब दिले असता त्यातील प्रत्येक वक्राला काटकोनात छेदणारे वक्रांचे दुसरे कुटुंब कसे शोधावे. याची गुरुकिल्ली अशी की पहिल्या कुटुंबाच्या चढाच्या जागी त्याचा व्यस्त घेऊन त्याचे चिन्ह बदलावे आणि मिळालेल्या समीकरणावरून नवे वक्र काढावेत. उदाहरणार्थ, क्ष आणि य यांचा गुणाकार कायम ठेवणाऱ्या वक्रांचा कोणत्याही बिंदूपाशी चढ −य/क्ष असतो; त्यांना लंब असणाऱ्या वक्रांचा चढ क्ष/य असायला हवा, आणि असे वक्र म्हणजे ज्यांत क्ष आणि य यांच्या वर्गांची वजाबाकी कायम राहते ते. येथे चिन्ह गाळले तर उत्तर चुकीच्या वक्रांवर जाऊन पोचते, म्हणून लांबीच्या जुन्या भाषेवर भागण्यासारखे नव्हते. १७१६ च्या सुमारास लायबनित्सनी इंग्रज गणितज्ञांची परीक्षा पाहण्यासाठी याच जातीचा प्रश्न पाठवला आणि न्यूटननी त्याला उत्तर दिले. पुढे विद्युतक्षेत्राच्या रेषा आणि समविभव रेषा, नकाशावरील समोच्चरेषा आणि उताराची सर्वांत तीव्र दिशा, अशा अनेक जोड्यांचा अभ्यास याच कृतीवर उभा राहिला.

दरम्यान ऋण निर्देशकांबद्दलचा संकोच हळूहळू ओसरत होता. जॉन वॉलिस यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास शंकुच्छेदांवर बीजगणिती अंगाने लिहिले. न्यूटन यांच्या तृतीय घाताच्या वक्रांवरील, १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दोन्ही अक्षांच्या चारही चरणांत वक्र मोकळेपणाने काढलेले दिसतात. ऑयलर यांच्या १७४८ च्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाने वक्रांच्या भूमितीला शिस्तबद्ध रूप दिले. सरळ रेषेला तिचे स्वतंत्र प्रकरण मिळाले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एकोल पॉलितेक्निकमध्ये गास्पार मोंज यांनी रेषा आणि प्रतले यांची समीकरणे, बिंदूपासून टाकलेले लंब, दोन रेषांमधील अंतरे हे विषय समीकरणांच्या भाषेत शिकवले, आणि सिल्व्हेस्त्र लाक्रुआ यांच्या पाठ्यपुस्तकांनी ते विद्यार्थ्यांच्या पिढ्यांपर्यंत नेले. आकृतीवर विसंबून न राहता केवळ समीकरणांवरून भूमिती करावी, हा लाक्रुआंचा आग्रह होता. शेकडो अभियंत्यांना थोड्या काळात तयार करायचे असल्याने हुशारीच्या एकेका युक्तीपेक्षा सर्वांना जमेल अशा रीतीची गरज होती, आणि लंबरेषांच्या चढांचा नियम हे अशा रीतीचे उत्तम उदाहरण ठरले.

या रीतीची ताकद त्रिकोणाच्या तीन शिरोलंबांच्या प्रमेयात दिसते. त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले तीनही लंब एकाच बिंदूतून जातात, हे विधान युक्लिडच्या ग्रंथात नाही आणि केवळ आकृतीच्या आधारे ते सिद्ध करताना एखादी युक्ती लागते. चढांच्या साह्याने ते चार ओळींत सुटते, आणि त्यासाठी भास्कराचार्यांचाच त्रिकोण घेणे उचित आहे. लंबाचा पाय आरंभबिंदू मानला तर वरचा शिरोबिंदू (०, ८) येथे आणि भूमीची टोके (६, ०) व (१५, ०) येथे येतात. दोन्ही टोके एकाच बाजूला आहेत, म्हणूनच लीलावतीत एक आबाधा ऋण आली होती. वरच्या शिरोबिंदूपासून (६, ०) पर्यंतच्या बाजूचा चढ उणे चार-तृतीयांश, म्हणून तिला लंब असणाऱ्या रेषेचा चढ तीन-चतुर्थांश. ती रेषा (१५, ०) मधून काढली तर य-अक्षाला उणे ११.२५ या उंचीवर छेदते. दुसऱ्या बाजूचा चढ उणे आठ-पंधरांश, तिच्या लंबाचा चढ पंधरा-अष्टमांश, आणि ती रेषा (६, ०) मधून काढली तरी य-अक्षावर पुन्हा उणे ११.२५ हीच उंची मिळते. तिसरा शिरोलंब य-अक्षच आहे. संख्यांच्या जागी अक्षरे ठेवली की दोन्ही वेळा आबाधांचा गुणाकार भागिले लंब हीच राशी चिन्हासह मिळते, आणि त्रिकोण लघुकोनी असो वा विशालकोनी, छेदनबिंदू आत असो वा बाहेर, लिखाणात एक अक्षरही बदलावे लागत नाही.

उणे एक ही संख्याच का, या प्रश्नावर १८०६ मध्ये जाँ-रॉबेर आर्गाँ यांनी दिलेल्या विवेचनातून फार सुंदर प्रकाश पडतो. आर्गाँ यांचा प्रश्न वेगळा होता: जिचा वर्ग उणे एक येतो अशा संख्येला भूमितीत जागा कोठे? त्यांनी धन एक आणि उणे एक यांचा भूमितीमध्य शोधला. धन एक उजवीकडे आणि उणे एक डावीकडे असेल तर पहिलीवरून दुसरीवर जाण्याच्या वळणाच्या बरोबर मध्यावर असलेली दिशा म्हणजे दोहोंना लंब असलेली दिशा, आणि तिलाच त्यांनी ती संख्या मानले. वॉलिस यांनी १६८५ च्या बीजगणितात भूमितीमध्याच्या अंगाने अशाच दिशेने चाचपणी केली होती आणि कास्पर वेसेल यांचा डॅनिश भाषेतील निबंध १७९९ मध्ये छापला जाऊनही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला होता. या दृष्टीने पाहता काटकोनातून वळवणे म्हणजे अ एवढे आडवे आणि ब एवढे उभे जाणाऱ्या दिशेच्या जागी −ब एवढे आडवे आणि अ एवढे उभे जाणारी दिशा घेणे. चढ ब/अ वरून −अ/ब होतो, गुणाकार उणे एक होतो. आणि हीच कृती दोनदा केली की दोन्ही चिन्हे बदलून दिशा नेमकी उलटी होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा विषय पाठ्यपुस्तकांचा झाला. डब्लिनचे जॉर्ज सामन यांचे शंकुच्छेदांवरील पुस्तक १८४८ मध्ये, आयझॅक टॉडहंटर यांचे १८५५ मध्ये आणि एस. एल. लोनी यांचे १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. लोनींचे पुस्तक भारतीय महाविद्यालयांत अनेक दशके वाचले गेले. या पुस्तकांतून नियमाच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. अक्ष परस्परांना लंब नसतील तर अट बदलते आणि तिच्यात अक्षांमधील कोनाची कोसाइन शिरते: दोन चढांच्या बेरजेला त्या कोसाइनने गुणून, त्यात चढांचा गुणाकार आणि एक मिळवले असता शून्य यावे लागते. दोन्ही अक्षांवरील एकके समान असणेही आवश्यक आहे. आलेखपत्रावर आडवे प्रमाण एक आणि उभे दुसरे घेतले तर चढांचा गुणाकार उणे एक असलेल्या रेषा कागदावर काटकोनात दिसत नाहीत, आणि हा अनुभव आलेख काढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी येतो. तिसरी अडचण उभ्या रेषेची: तिला चढच नाही, कारण आडव्या बदलाच्या जागी शून्य येऊन भागाकार अर्थहीन होतो, आणि म्हणून आडवी व उभी रेषा लंब आहेत हे नियमाबाहेर ठेवून वेगळे सांगावे लागते. या अडचणीवरचा उपाय सदिशांच्या विचारातून मिळाला, ज्याची पायाभरणी हेर्मान ग्रासमान यांनी १८४४ मध्ये केली आणि ज्याला आजची ओळखीची मांडणी जोसाया विलर्ड गिब्ज यांनी शतकाच्या अखेरीस दिली. दोन दिशांच्या आडव्या घटकांचा गुणाकार आणि उभ्या घटकांचा गुणाकार यांची बेरीज शून्य असली की त्या दिशा लंब. येथे भागाकार नाही, म्हणून अपवादही नाही. तीन किंवा अधिक मितींत चढ ही एक संख्या पुरत नाही, ही अट मात्र तशीच चालते, आणि संगणकावर चित्रे रेखाटणाऱ्या आज्ञावली लंबत्व याच रीतीने तपासतात.

हेर्मान मिंकोव्स्की यांनी १९०८ मध्ये कोलोन येथील व्याख्यानात अवकाश आणि काळ यांची एकत्रित भूमिती मांडली, तेव्हा या नियमाचे एक अनपेक्षित रूप पुढे आले. काळ आणि अंतर यांची एकके अशी घेतली की प्रकाशाच्या रेषेचा चढ १ होईल, तर गतिमान निरीक्षकाच्या काळाची रेषा आणि त्याच्या दृष्टीने एकाच क्षणी घडणाऱ्या घटनांची रेषा यांच्या चढांचा गुणाकार धन एक येतो. त्या भूमितीत याच दोन रेषा ‘लंब’ आहेत. उणे एक ही संख्या काटकोनाला जन्मतःच चिकटलेली नसून अंतर मोजण्याच्या रीतीतून, म्हणजे पायथागोरसच्या प्रमेयातील बेरजेच्या चिन्हातून, आलेली आहे, हे यातून जितके स्वच्छ दिसते तितके सपाट कागदावरच्या कोणत्याही उदाहरणातून दिसत नाही.

भारतात युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथ यांनी नासिरुद्दीन तुसीच्या अरबी संस्करणावरून केलेल्या ‘रेखागणित’ या अनुवादातून, आणि त्यामुळे सहाव्या खंडातील ते आठवे प्रमेय इंग्रजी शाळा सुरू होण्याच्या पुष्कळ आधी येथील पंडितांच्या हाती होते. आज महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्याच्या भूमितीच्या पुस्तकात पायथागोरसच्या प्रमेयाच्या प्रकरणात भूमितीमध्याचे प्रमेय आहे, आणि पुढे निर्देशक भूमितीच्या प्रकरणात रेषेचा चढ आहे. लंबरेषांची अट वरच्या इयत्तांत बहुधा त्रिकोणमितीतून सिद्ध केली जाते: एका रेषेने क्ष-अक्षाशी केलेल्या कोनात ९० अंश मिळवले की टॅनचे रूपांतर उणे कॉटमध्ये होते. सिद्धता बिनचूक आहे, पण तिच्यात काटकोन कोठे काम करतो हे दिसत नाही. आणि दोन रेषांमधील कोनाच्या सूत्रातून हीच अट काढू गेल्यास नेमक्या काटकोनाच्या ठिकाणी छेद शून्य होतो व विद्यार्थी गोंधळतो. आरंभबिंदूपासून एक एककावरची उभी रेषा, तिच्यावरचे दोन छेदनबिंदू आणि भूमितीमध्याचे प्रमेय एवढे साहित्य दहावीतच हाताशी असते. फळ्यावर ही आकृती काढून चढ २ आणि उणे अर्धा या रेषांपासून सुरुवात केली, तर नियम का खरा आहे हे त्रिकोणमितीची वाट न पाहता एका तासिकेत सिद्ध करून दाखवता येते.